तांदळाला लावलेली पावडर

आमच्या कोकिळावहिनीला काळजी करायला कारण लागत नाही. उलट खरंखुरं कारण मिळालं तर ती जरा शांत होते, असं मी पाहिलेलं आहे. गॅस बंद केला का ते बघायला ती देवळाच्या पायरीवरून परत आलेली आहे. मोरूभाऊजी, म्हणजे तिचा नवरा, न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात कामाला. ड्युटीवर पोचल्याचा त्यांचा फोन आला नाही, तर ही शेजारच्या घरांत जाऊन त्यांचे फोन चालू आहेत ना ते विचारून येते. मी तिची चुलत जाऊ. आमच्या दोन घरांच्या मध्ये एक अंगण आणि एक फणस. त्यामुळे तिची काळजी आधी माझ्याकडे येते आणि मग गावात जाते.

चौलच्या वाड्या संपून डोंगराकडे वळलं की आमचं गाव. सगळी भातशेतीतली माणसं. वहिनीच्या घरामागे कोंबड्यांची शेड आहे. कंपनी पिल्लं देते, खाद्य देते आणि पिल्लं मोठी झाली की गाडी लावून घेऊन जाते; मधलं सगळं वहिनीने निस्तरायचं. शेडमध्ये जमिनीवर भाताचं तूस पसरलेलं असतं आणि त्या तुसात काळे किडे. तांदळाच्या दाण्याएवढे, चकचकीत, कडक पाठीचे. पायाने तूस हलवलं की सगळी जमीन चालायला लागते. पिल्लं समोरचं खाद्य सोडून किडेच टिपत बसतात, मग त्यांचं वजन भरत नाही. सुपरवायझर म्हणतो यांच्यामुळे एका लॉटचा रोग दुसऱ्या लॉटला लागतो. कोंबड्या गेल्या आणि चौलच्या वाडीवाल्यांनी सुपारीला घालायला तूस नेलं, की हे किडे उपाशी पडतात आणि घराच्या दिशेने निघतात. संध्याकाळी पडवीतला दिवा लावला की भिंतीवर त्यांची रांग आणि समोर वहिनी झाडू घेऊन उभी. मी म्हणायचे, अगं, एवढे पाहुणे आलेत, त्यांनाही चहा टाक. ती हसायची नाही. किड्यांच्या बाबतीत तिला हसू येत नसे.

या वर्षी वैशाखात तिच्या प्रणालीचं लग्न होतं. मुलगा पेणकडचा, ऋत्विक नावाचा, माणसं चांगली. आणि त्या लग्नाच्या जेवणाचा तांदूळ घरचा होता, ही रावजीबाबांच्या आयुष्यातली शेवटची मोठी गोष्ट होती. रावजीबाबा वहिनीचे सासरे. त्यांची शेती खाडीच्या अंगाला. मागच्या पावसाळ्यानंतर भरतीला बांध फुटला आणि खारं पाणी शेतात शिरलं ते शिरलंच. त्याआधी घरात आलेला रत्ना जातीचा तांदूळ हा त्या जमिनीचा शेवटचा. आता तिथे काही पिकायचं नाही, आणि बाबांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याचं ऑपरेशन झालेलं पण त्यातूनही धुरकटच दिसतं. तेव्हा नवं शेत उभं करणं आता त्यांच्याकडून होणार नव्हतं. "नातीच्या मांडवात दुकानाचा तांदूळ शिजनार न्हाय," एवढंच ते येईल त्याला सांगत. चारशे माणसांच्या जेवणाचा तांदूळ मागच्या खोलीत पत्र्याच्या कोठ्यांत भरून ठेवला होता.

खरं तर भात तसंच ठेवून लागेल तेव्हा भरडायचं, ही आमची रीत. पण लग्नसराईत गिरणीवर नंबर लागत नाही म्हणून वहिनीने काळजीपोटी सगळं आधीच भरडून आणलं. भरडलेला तांदूळ टिकतो, पण चैत्राचा उकाडा आणि आमच्याकडची दमट हवा एकत्र आले की सोंडे होतात. सोंडे म्हणजे तपकिरी, पुढे बारीक सोंड असलेले तांदळातले किडे. ते सगळ्यांच्या घरी होतात, माझ्याही होतात. त्यात लाजायचं काही नसतं. उन्हात सूप ठेवलं की आपापले निघून जातात.

पण एका सकाळी वहिनीला कोठीच्या झाकणावर शेडमधला काळा किडा बसलेला दिसला. एकच. झाकण उघडलं तर आत सोंडे. झालं. तिच्या डोक्यात दोन्ही एकच झाले. मी तिला दोन्ही किडे तळहातावर ठेवून दाखवले, याला सोंड आहे, त्याला नाही, हा तांदळातला, तो तुसातला. तिला ते पटलं. पण गावाला कोण पटवणार, असं तिचं म्हणणं. लग्नाआधी आमच्याकडे सगळ्या आळीतल्या बायका लग्नघरी तांदूळ निवडायला जमतात. सुपं घेऊन बसतात, गाणी म्हणतात, निवडता निवडता चार दाणे तोंडात टाकतात. त्यात एकीच्या सुपात जरी काळा किडा निघाला, तर पोल्ट्रीतले किडे लग्नाच्या भातात असं गावभर व्हायला संध्याकाळही लागायची नाही. तिचं हे म्हणणं काही चूक नव्हतं. आमची आळी मला माहीत आहे, मी त्यातलीच आहे.

आता पावडरींचं सांगते. तांदळाला बोरिक पावडर चोळून ठेवायची, हे आमच्याकडे घरोघरी करतात. शिजवताना चांगला धुतला की ती निघून जाते. वहिनीकडे बोरिकचा पुडा फोडलेला होता, उरलेली पावडर तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेली. दुसरी पावडर सुपरवायझरने दिलेली, शेड रिकामी झाली की जमिनीत आणि भिंतीच्या फटींत टाकायला, काळ्या किड्यांसाठी. ती त्याने मोठ्या गोणीतून साध्या पिशवीत काढून दिली होती. वर नाव नाही, काही नाही. पांढरीच.

ही पिशवी वहिनीने आधी शेडमध्ये खिळ्याला टांगली. मग तिला वाटलं, कुत्रा ओढेल. म्हणून स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवली. मग वाटलं, उंदीर फोडेल आणि पावडर खाली अन्नात सांडेल. शेवटी तिने विचार केला, की खायच्या नाहीत अशा सगळ्या वस्तू एका जागी, झाकणाच्या डब्यात आणि उंचावर असाव्यात. म्हणून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तिने दोन्ही पिशव्या घातल्या, झाकण दाबून बसवलं आणि डबा कोठ्यांवरच्या फळीवर ठेवला. एवढी काळजी दुसऱ्या कुणी घेतलीच नसती.

त्यानंतर आम्ही सगळ्या बस्ता बांधायला अलिबागला गेलो. साड्या, शालू, मानपानाची लुगडी, दिवसभराचं काम. घरी रावजीबाबा एकटे. लग्नाच्या घरात म्हाताऱ्याला सगळे तू बस म्हणतात. बाबा आठवडाभर नुसते बसून होते आणि त्यांना ते सहन होत नव्हतं. सोंडे झालेत हे त्यांच्या कानावर गेलेलं होतंच.

आम्ही परत आलो तेव्हा ते पडवीत पाय पसरून बसले होते. हात कोपरापर्यंत पांढरे.

"तुझं काम केलं," ते वहिनीला म्हणाले. "तिन्ही कोठ्या उपसून पावडर चोळली. आता सोंडा दिसला तर मना सांग."

वहिनीचा चेहरा असा खुलला की मला बरं वाटलं. तिने साड्यांची पिशवी माझ्या हातात दिली आणि कोठ्या बघायला आत गेली. ती बराच वेळ बाहेर आली नाही म्हणून मी गेले. ती बिस्किटांचा डबा मांडीवर घेऊन जमिनीवर बसली होती. आत दोन पिशव्या. दोन्हींच्या गाठी सुटलेल्या. दोन्ही अर्धवट. त्या आधीच अर्धवट होत्या. किती कमी झाली त्यावरून काही कळायला मार्ग नव्हता.

ती बाहेर आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाबा, यातली कुठली लावलीत?"

"बोरिक."

"म्हणजे यातली कुठली?"

"तांदळाला काय लावतात ते मना तू शिकवनार? तुझी सासू जित्ती असती तर हसली असती."

"पण दोन्ही गाठी सुटल्यात, बाबा."

"बघायला सोडल्या. बघून बरोबर ती लावली." आणि त्यांनी तोंड फिरवलं. वहिनीने बादली आणून त्यांना साबणाने हात धुवायला लावले, दोनदा, तेव्हा ते चिडलेच.

त्या संध्याकाळपासून माझं मला कळत नव्हतं की हिला गप्प बसवावं की हिच्याबरोबर घाबरावं. आम्ही तांदळाचा वास घेऊन पाहिला. वहिनीचं नाक शेडमधल्या विष्ठेच्या वासाने कधीच मेलेलं आहे, तिला धूप आणि घासलेट सारखंच. मला आधी उग्र वास आला, मग वाटलं आला नाही, मग पुन्हा आला. तिसऱ्या वेळी मी तिला म्हटलं, मला काही विचारू नकोस.

तिने सुपरवायझरला फोन लावला. पावडरीचं नाव त्याला माहीत नव्हतं, गोणी गोडाऊनला. "काकी, धुतल्यावर एवढं काय होत न्हाय," तो म्हणाला. मग लगेच, "पण मी असं बोललो असं कुनाला सांगू नका." यावर वहिनीने जेवण सोडलं.

मग तिने मूठभर तांदूळ अंगणातल्या गावठी कोंबड्यांना टाकला आणि दिवसभर त्यांच्या मागे फिरली. कोंबड्या ठणठणीत. उलट एकीने अंडं घातलं. मी म्हटलं, बघ. ती म्हणाली, कोंबड्या तर ते काळे किडेसुद्धा खातात, त्यांचं काय खरं. तांदूळ निवडायला बायका येणार होत्या त्यांना तिने दिवस चांगला नाही म्हणून पुढचा दिवस दिला. आळीत लगेच कुजबुज, की दिवस पंचांगात तर चांगला आहे, मग लग्नघरात बिनसलंय काय.

मोरूभाऊजी रजा टाकून आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चप्पल काढता काढताच निकाल दिला.

"बाबा सांगतात ना बोरिक लावली? मग झालं."

"त्यांना दिसत नाही नीट."

"चाळीस-पन्नास वर्षं त्यांनी तांदूळ सांभाळलाय. त्यांच्या हाताला कळतं."

"दुकानातून आणू या दुसरा. मी काय कुणाला सांगत नाही."

"आणि हा? त्यांच्या डोळ्यांदेखत फेकायचा? शेत गेलं, आता एवढंच राहिलंय त्यांचं. तू काय बोलतेस तुला कळतं का?"

वहिनी म्हणाली, "चारशे माणसं जेवायची आहेत. त्यात लहान पोरं आहेत. त्यांना काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

"तुला रोजच काही ना काही होणार असतं," भाऊजी म्हणाले. ते वाईट बोलले, पण खोटं बोलले नाहीत, आणि म्हणूनच ते तिला फार लागलं. आयुष्यभर लांडगा दिसतो म्हणणाऱ्या बाईला आता खरंच लांडगा दिसत होता आणि तिच्या नवऱ्याला वेळ नव्हता. मला भाऊजींचा भयंकर राग आला. पण मी तरी काय ठामपणे सांगणार होते? हे सगळं पडवीत चाललेलं. बाबा आतल्या खोलीत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांना डोळ्यांनी दिसत नाही, कानांनी सगळं ऐकू येतं. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं आणि तरी आम्ही आवाज खाली केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका यायच्या होत्या. ऊन जरा वर आलं होतं. मी माझं सूप घेऊन अंगण ओलांडलं, तर घरामागच्या चुलीशी वहिनी उभी, अगदी ताठ. खाली रावजीबाबा बसलेले. त्यांच्यापुढे पितळी, पितळीत दोन-चार शितं आणि सुकटीच्या कालवणाचा लालसर डाग. चुलीवर रिकामं पातेलं.

"हा कुठला भात, बाबा?" वहिनीने विचारलं.

"कोठीतला. पोटभर खाल्ला. काय झालं मना? काय न्हाय झालं."

वहिनीने बाजूची रोवळी उचलली. रोवळी म्हणजे तांदूळ धुवायची बांबूची टोपली. आमच्याकडे दुसऱ्या कशात तांदूळ धुतच नाहीत. ती कोरडी ठणठणीत होती. गुरांसाठी तांदळाचं धुवण ओतायचं भांडंही कोरडं.

"धुतला नाहीत?"

"न्हाय."

वहिनीच्या हातातून रोवळी पडली. पुढचं मला तुटक तुटक आठवतं. भाऊजी धावत आले, बायका सुपं घेऊन अंगणात शिरत होत्या, प्रणाली हळदीच्या पुड्या टाकून आजोबांच्या गळ्यात पडली. वहिनीने मात्र आत जाऊन शेडवाल्या पावडरीची पिशवी आणली, पदरात बांधली आणि रिक्षा बोलव म्हणाली. एवढं खरंखुरं कारण मिळाल्यावर तिचा आवाज खरंच शांत झाला होता. रिक्षात मी तिच्या शेजारी होते. तिने बाबांचं मनगट धरलेलं होतं आणि सबंध रस्ताभर ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. बाबांना घाम सुटला होता. तो विषाचा की उन्हाचा, हे कुणी सांगावं.

अलिबागच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी टॉर्च मारून डोळे पाहिले, नाडी पाहिली, पिशवी उघडून पाहिली आणि नाव विचारलं. नाव कुणालाच माहीत नाही म्हटल्यावर त्यांनी आमच्याकडे जसं पाहिलं ते मी सांगत नाही. सलाईन लावलं, रक्त घेतलं. संध्याकाळपर्यंत इथंच ठेवू म्हणाल्या. आम्ही खाटेच्या दोन बाजूंना दोघी बसलो. बाबांना एकदा उलटी झाली तेव्हा मला वाटलं, संपलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरल्यानेही होते. मग दुपार गेली. चहाची वेळ झाली. बाबांनी चहा मागितला. डॉक्टरीणबाई पुन्हा येऊन बघून गेल्या. तब्येत ठीक दिसते म्हणाल्या, तरी रात्रभर राहू दे, सकाळी घरी न्या.

मी इतकी मोकळी झाले की मला रडूच आलं. बाहेर जाऊन मी भाऊजींना फोनवर सांगितलं. ते घरी बायकांना थोपवून बसले होते.

"बघ, मी म्हणत होतो," ते म्हणाले. "न धुता खाल्ला, तरी काही झालं नाही. बाबांची खात्री होती म्हणून तर खाल्ला. कोकिळाला सांग आता तरी डोक्यातून काढ. उद्या बायकांना निवडायला बोलावतो."

मी आत येऊन तसंच सांगितलं. मला ते पटलंही होतं, खोटं कशाला बोलू? गोष्ट सरळ होती. म्हाताऱ्याने स्वतःवर करून दाखवलं होतं.

नर्स दुसऱ्या खाटेकडे गेल्यावर वहिनीने खुर्ची पुढे ओढली.

"बाबा, मोरूला नाही सांगत. मला सांगा. कुठली लावलीत?"

बाबांनी नर्स लांब गेली का ते कान देऊन ऐकलं.

"मना न्हाय ठाव, कोकिळा," ते म्हणाले. "गाठी दोन्ही सोडल्या. एक चोळली. मग वाटलं, पुरायची न्हाय, म्हनून दुसरीतली बी घेतली का काय. कुठल्या कोठीत काय गेलं, ते न्हाय आठवत. लई आठवून बघितलं."

"मग खाल्लात कशाला?"

"खात्री असती तर कशाला खाल्ला असता? सगल्यांसंगं मांडवात बसून खाल्ला असता." त्यांनी सलाईनचा हात जरा हलवला. "मोरू ऐकनार न्हाय, ते मी ऐकलं खाटेवरून. त्याला माझी लाज राखायची होती. मी म्हनलो, मीच बघतो. मी गेलो असतो तर घरात सुतक आलं असतं. लग्न पुढं गेलं असतं. मग तो तांदूळ कुनीच खाल्ला नसता."

मी तोंडावर पदर धरला. वहिनी रडली नाही. तिने त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली आणि म्हणाली, "तुम्ही एकाच कोठीतला घेतला होतात, की तिन्हींतला?"

"एकाच. पुढची हाताशी हुती, तिच्यातला."

"बरं," ती म्हणाली.

ती बाहेर व्हरांड्यात आली. मी तिच्या मागे. तिने मोरूभाऊजींना फोन लावला आणि पलीकडून ते आनंदाने काहीतरी बोलत होते ते सगळं ऐकून घेतलं.

"तांदूळ जमिनीत पुरायचा आहे," ती म्हणाली. "तिन्ही कोठ्या. नाही, मी नाही म्हणत. बाबा म्हणतायत. त्यांनीच सांगितलंय, त्यांचा तांदूळ आहे." मग ती म्हणाली, "आणि खड्डा चांगला खोल खण. कोंबड्या उकरतात."